मशीनमधून निघालेली पहिली रेकॉर्ड

लोकांना रेकॉर्डचं वेड पुन्हा लागलं आणि मामा-भाचीने आजोबांचा बंद पडलेला रेकॉर्डचा कारखाना उघडला. आज भाचीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पहिली रेकॉर्ड मशीनमधून बाहेर पडली. भाचीला कुठला दम निघायला! तिने ती गरमागरमच पळवली, कोपऱ्यातल्या प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. कुणी बाई गाऊ लागली. काय तो गळा! भाचीने तर टुणकन उडीच मारली.

"मामा, वाजली! ये ना, ऐक!"

मशीनच्या धडधडाटातून मामा हसत ओरडला, "वेडाबाई, वाजेल कशी? मशीन तापवायला कोरी काढली ती. गाण्याचा साचा अजून माझ्या हातात आहे!"

रेकॉर्ड फिरतच होती. गाणारी मात्र चोरी पकडली गेल्यासारखी मध्येच गप्प झाली.