मॅडमचा चष्मा

"मॅडम, आज चष्मा नाही?"

सकाळपासून हेच विचारणारा हा तिसरा ड्रायव्हर. रेल्वेच्या इंजिनवाल्यांचे कान तपासणाऱ्या मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "काडी मोडलीय. बसा."

पहिल्याने हे ऐकलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. उद्या येतो म्हणाला. दुसऱ्याच्या पोटात कळ आली. अकरा वर्षांत या खोलीत कुणी आजारी पडलं नव्हतं. नापासही कुणी झालं नव्हतं.

"माझ्या चष्म्याची यांना एवढी काय पडलीय?" मॅडम वैतागल्या.

"माया लागते हो," दारावरच्या मावशी म्हणाल्या.

तिसरा सगळ्यांत जुना. मॅडमची सही झाली तरच उद्याची गाडी त्याच्या हाती येणार होती. तो काचेच्या खोलीत बसला, हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. आवाज आला की दाबायचं, काम इतकंच.

जाड आवाज त्याने पकडले. बारीक आवाजांना बटण गप्प. मॅडमनी आवाज वाढवला. गप्प. आणखी वाढवला. तो काचेवर वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघताय? ऐका!"

"मॅडम, डोळ्यांना ताण पडेल," तो आतून ओरडला. "मोडका तर मोडका, लावा ना!"

मॅडमचा हात थांबला. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, काडीला चिकटपट्टी गुंडाळली आणि तो नाकावर ठेवला. मग आवाज शून्यावर नेला आणि कळ दाबली.

आवाज सोडला की लागणारा यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. आतून दिसू नये म्हणून तो मॅडमच्या बाजूला होता. आत लगेच बटण दाबलं गेलं.

सात वेळा कळ, सात वेळा बटण. हेडफोनमध्ये काहीही नव्हतं. मॅडमनी समोरच्या काचेत स्वतःला पाहिलं. चष्म्याच्या डाव्या भिंगात एक हिरवा ठिपका पेटत होता, विझत होता.

तो बाहेर आला.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांना दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा त्याने ओठांवरून ओळखलं.

"चिडू नका, मॅडम. हिरवा दिसला की निघायचं, आम्ही जन्मभर तेवढंच केलं."

"मागे हजार माणसं बसलेली असतात हो तुमच्या!"

"म्हणून तर डोळे जपतो." त्याने कार्ड पुढे सरकवलं. "सही?"

मॅडमनी कार्ड तसंच ड्रॉवरमध्ये टाकलं. चिकटपट्टीचा एक तुकडा तोडून हिरव्या दिव्यावर डकवला.

"मावशी, ड्रायव्हरांना परत बोलवा."

"सकाळच्या त्या दोघांना?"

"अकरा वर्षांत मी पास केलेल्या सगळ्यांना."