तुटक्या पाळीचा कान

अब्बांना हल्ली काही आठवत नसे. येरवड्याच्या घरातून ते बाहेर पडले, त्याला आठवडा होत आला होता. पोलीस चौक्या, दवाखाने, दर्गे सगळं पालथं घालून झाल्यावर मेहरुन पुण्याच्या रस्त्यांवर माणसं रेखाटत बसणाऱ्या चित्रकारांची इन्स्टाग्राम पानं चाळू लागली. कोणाच्या तरी कागदावर अब्बा उतरले असतील, एवढीच आशा उरली होती. जयसिंग नावाच्या एका चित्रकाराच्या ताज्या चित्रात ते दिसले. तिने लगेच फोन लावला.

"ताई, तो माणूस खरा नाही," जयसिंग म्हणाला. "अनोळखी माणसाचा चेहरा न विचारता जगाला कसा दाखवायचा? म्हणून मी सरमिसळ करतो. कपाळ एकाचं, डोळे दुसऱ्याचे."

"डोळे कोणाचे?"

"एका रसवंतीवाल्याचे. दाढी रिक्षावाल्याची. अहो ताई, मी चित्र काढतो, पंचनामा नाही करत."

मेहरुनने चित्र बोटांनी मोठं केलं. अब्बांच्या डाव्या कानाची पाळी लहानपणी कुत्र्याने तोडली होती.

"आणि तो तुटका कान?"

जयसिंगचा आवाज जरा खाली आला. "तो काल सकाळी कात्रजच्या बसथांब्यावर दिसला. एक आजोबा होते. येरवड्याची बस कुठे लागते, विचारत होते. मी बोट दाखवलं. 'शुक्रिया बेटा' म्हणाले, आणि लगेच शेजारच्या माणसालाही तेच विचारलं."