आठ दिवसांचा अबोला

"हे बाहेरून आलंय ना? खरं काय ते सांगा डॉक्टर, माझ्या मनाची तयारी आहे."

कपडे सारखे करत लिफ्ट मेकॅनिकने विचारलं. लिंगाच्या टोकाला खाज, लाली, लघवी करताना आग. पुढची कातडी चिरली होती, मागे सरत नव्हती. त्याने रोगाचं मूळ स्वतःच शोधून ठेवलं होतं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिथला नंबर तपासणारा तिला संध्याकाळी स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडायचा. उतरताना ती हसायची. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता.

डॉक्टरांनी तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, ते विचारलं. मग बोटाला सुई टोचली. साखर तीनशेच्या वर निघाली.

साखर वाढली की लघवीत उतरते, कातडीखाली ओल राहते, तिथे बुरशी धरते, असं त्यांनी समजावलं. त्यासाठी कुणाशी संबंध यावाच लागतो असं नाही. तो घासत होता तो जंतुनाशक साबण त्यांनी आधी बंद करायला लावला. नुसत्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मलम लावायचं, आणि साखरेच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. घरी बायकोलाही विचारायचं. तिला खाज असेल तर तिनेही दाखवून घ्यायचं.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण रस्त्याने चालताना त्याला वाटत राहिलं, आठ दिवस जपलेला राग कुणीतरी हातातून काढून घेतला.

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने साखरेचं सांगितलं, बुरशीचं सांगितलं, मग जमिनीकडे बघत विचारलं, तुलाही खाज येते का.

"दोन महिने झाले," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

तिने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली.

"बोलले असते, तर तुम्ही आधी कुठे गेला असता? डॉक्टरांकडे, की दुकानात?"

त्याच्याकडे उत्तर होतं. परवा दुपारी तो दुकानासमोरच्या फुटपाथवर तासभर उभा होता. त्या भागात त्याचं काही काम नव्हतं, तरी हातात मोठा पाना होता.