चंदनची गांडुळं

नाचणगावच्या पुलापाशी गरी अन् गांडुळं इकायचं दुकान वीस वर्सं माहं एकट्याचंच होतं. मंग चंदननं समोर टपरी टाकली.

दसऱ्याच्या आसपास पूर उतरते, पाणी निवळते, मासा गरीले लागते. तोच आमचा सीझन. पन यंदा माह्या गांडुळाले शिंगाळा मासा तोंडच लावेना, अन् चंदनच्या गिऱ्हाइकाईनं थैल्या भरभरून मासे नेले. माह्या पोटात दुखू लागलं.

गांडुळं कुठं खणतो, हे आमच्या धंद्यात कोणी सांगत नाई. तरी लाज सोडून चंदनले इचारलं, "कुठून खणून आणतं बे?"

तो हासला. "काका, तुमालेच मालूम नाई?"

दुपारी एका गिऱ्हाइकाच्या हातून चंदनच्या गांडुळाचा डबा मागवला. झाकण उघडलं, तं ओल्या मातीवर सारे गांडुळं एकाच दिशेनं ताणून पडले होते. मी डबा फिरवला. तेही फिरले, पुन्हा त्याच दिशेले.

जिथून खणले तिकडंच तोंड करत असतीन, आता जागा सापडली म्हनून मी डबा घेऊन ते दाखवत होते तिकडं निंघालो. पऱ्हाटीतून, बांधावरून, माह्याच गल्लीत. माह्याच घरात. माह्याच खाटेपाशी.

माह्या घरात खणते चोट्टा! मी खाट सरकवली. खाली सारवलेली जमीन, एक चीर नाई.

डबा खाली ठेवून मी उभा राह्यलो. साऱ्या गांडुळाईनं खाट सोडून माह्याकडं तोंडं उचलली. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूले गेलो. तेही वळले.

अन् माह्या पोटात काहीतरी हळूच त्याईच्याकडं वळलं.