तिसरा फोन

नव्या घरात मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचेना. मग मी खोक्यातून जुना राउटर काढला, वायरने नव्याला जोडला आणि त्या खोलीच्या जिन्याकडच्या खिडकीत ठेवून दिला.

"त्यातलं जुनं सगळं पुसून टाक आधी," आई तिसऱ्यांदा म्हणाली.

"पुसलं गं. किती मागे लागशील?"

खरं तर मी काहीच पुसलं नव्हतं. नाव तेच, पासवर्ड तोच ठेवला की आम्हा दोघींचे फोन आपोआप जोडले जाणार होते. पुन्हा टाइप करायचा उपद्व्याप कोण करणार?

जोडले गेलेही. जरा भाव खावा म्हणून मी तिला लॅपटॉपवर आत्ता जोडलेल्या फोनची यादी दाखवली. "हा तुझा फोन, हा माझा."

"आणि हा तिसरा?"

मी नाव वाचलं. जुन्या घरी असताना त्या फोनला ते मीच दिलं होतं: 'माझे बाबा'.

आईने आधी दाराला आतून कडी घातली, मग माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आवाज करू नकोस," ती कुजबुजली. "तो जिन्यात आहे."