रिकामं पाठवायचं नसतं

रांगेतल्या प्रत्येक बाईच्या हातात भांडं होतं. फरहाना तेवढी मोकळ्या हातांनी उभी होती.

धावड्यात अबुबकरच्या दारी त्या सकाळी बकऱ्याच्या सदक्याचे वाटे पडत होते. त्याचा एकुलता एक मुलगा आमेर ओसरीवर खाटेवर बसला होता. बावीस वर्षांचा पोरगा, पण ओठ निळे पडलेले. उद्या जालन्याच्या दवाखान्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. बकरा कापण्याआधी त्याच्या पाठीवरून आमेरचा हात फिरवला होता. पोरावरची बला जनावराबरोबर जावी आणि घेणाऱ्यांच्या तोंडून दुआ निघावी, एवढंच त्यात मागणं. घरच्यांनी त्यातला तुकडाही खायचा नसतो. आणि दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नसतं. एक जण जरी तसा गेला तरी सदका कबूल होत नाही, असं इथल्या बायका मानतात.

मौलानांनी सुरुवातीला चार शब्द सांगितले होते. सदका हा शब्द सिद्कवरून आला. सिद्क म्हणजे सच्चाई. देणाऱ्याच्या मनात सच्चाई असेल तरच तो सदका, नाहीतर नुसतं मटण. अबुबकर डोळे मिटून मान डोलावत होता. करून करून भागले नि देवपूजेला लागले, दुसरं काय!

अकरा वर्षांपूर्वी मशिदीच्या बोअरची नवी मोटर गायब झाली होती. फरहानाचा नवरा मुबारक पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचा. अबुबकरने सगळ्यांदेखत त्याच्याकडे बोट दाखवलं. मोटर खोलायला येते ती या एकट्याला, म्हणाला. झालं! पुरावा कुणी मागितला नाही. अबुबकरच्या शब्दाला वजन होतं आणि मुबारकच्या अंगावर धड सदरा नव्हता. लोकांनी त्याला काम देणं बंद केलं. दोन वर्षांत तो हाय खाऊन गेला. आता त्याची मुलगी अफ्रीन लग्नाला आली होती. तिला बघायला आलेली दोन स्थळं चहा पिऊन परत फिरली. चोराची पोरगी नको म्हणाली. तिसरं स्थळ केदारखेड्याचं होतं आणि ते येत्या जुम्म्याला यायचं होतं.

फरहानाचा नंबर आला. अबुबकरच्या बायकोने, अकबरबीने, परातीतून वाटा उचलला.

"भांडं कुठंय गं?"

"भांडं न्हाई लागत, भाभी. मटण नको मला." फरहाना अबुबकरकडे वळली. "अबुबकरभाई, सदका म्हणजे सच्चाई, आत्ताच मौलाना बोलले. मंग तीच द्या. मशिदीची मोटर कुणी नेल्ती?"

अबुबकर हसला. हसू काही नीट जमलं नाही.

"ही काय मागायची चीज हाय? दोन वाटे घे आन् जल्दी सरक."

"दोन नको, एकच पाहिजे. द्यायचा नसंल तर तसं सांगा. मी रिकामी जाते."

हे ती अगदी गोड आवाजात म्हणाली. रिकामी जाते म्हटल्यावर अकबरबीचा हात परातीवरच अडला, तो तिने पाहिला. अबुबकरच्या कपाळावर घाम आला, तोही पाहिला. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. अकरा वर्षं तिने असल्याच एका सकाळची वाट पाहिली होती.

अबुबकरने मौलानांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. पोराकडे तेवढं पाहिलं नाही.

"मला काय ठावं? अल्लाकसम, मी न्हाई नेली."

अकबरबीच्या हातातलं मटण परातीत पडलं.

"पोराच्या सदक्यावर उभं राहून झूट बोलता?" ती किंचाळली. "मोटर आमच्या कडब्याखाली होती! मी या डोळ्यांनी पाह्यली. लांब तीर्थपुरीला नेऊन विकली यांनी. मुबारकचं नाव यांनीच घेतलं. आन् मी... मी गप बसले."

अबुबकर पायरीवर मटकन बसला. आमेर बापाकडे बघत होता आणि बाप जमिनीकडे. मुबारकला दारातून परतवून लावणाऱ्या कितीतरी बायका रांगेत होत्या. त्या आता आपापल्या भांड्यांत बघू लागल्या. मौलाना खालच्या आवाजात म्हणाले, "जुम्म्याला मशिदीत मी सगळ्यांसमोर सांगतो. मुबारक चोर नव्हता."

फरहानाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला रडू फुटेल. तसं काही झालं नाही. छातीत गार वाटलं एवढंच. ती जायला वळली.

अकबरबीने धावत येऊन तिची ओढणी धरली. घेणाऱ्याने दुआ दिल्याशिवाय जायचं नसतं.

"तुला तुझा सदका पोचला ना? मंग माझ्या आमेरसाठी हात उचल, फरहाना. मी पाया पडते."

फरहानाने खाटेवरच्या पोराकडे बराच वेळ पाहिलं. मग ओढणी हळूच सोडवून घेतली.

"नऊ वर्षं रोज त्याच्याचसाठी हात उचलून राह्यले, भाभी. माझ्या मुबारकसारखा तोबी जावा म्हणून. उद्याच्या दिवस न्हाई उचलणार."