मागच्या विहिरीतली सून

"पोरीचं हे पोस्टर झालं का करते मी सही, जावईबापू," इंदूबाई म्हणाल्या आणि कागद पानाच्या डब्याखाली सरकवून ठेवले.

त्या कागदांसाठी सौरव बेसावरून कोराडीला आला, ही तिसरी खेप. त्याची बायको रीना, इंदूबाईंची थोरली, घर सोडून गेली त्याला सात वर्षं उलटली होती. आता कोर्टातून तिला मृत ठरवून घ्यायचं तर आईचं प्रतिज्ञापत्र पाहिजे होतं. माणूस घाई करणारा नव्हता. यायचा, इंदूबाईंच्या गुडघ्यासाठी मलम आणायचा, चहा घ्यायचा, मग हळूच विषय काढायचा. त्यालाही पुन्हा संसार मांडावासा वाटला तर त्यात वावगं काय होतं?

इंदूबाई मात्र अजून रोज दुपारी एक ताट जास्तीचं वाढत. सही केली की ते ताट कायमचं उचलावं लागणार, एवढंच त्यांना कळत होतं. तेवढंच जमत नव्हतं.

धाकटी मेघा खिडकीपाशी कॉम्प्युटरवर बसली होती. भैय्याजींच्या फ्लेक्सच्या दुकानात ती डिझाईन करायची. वाढदिवस, पुढाऱ्यांचं स्वागत, भावपूर्ण श्रद्धांजली, जे येईल ते. पण वर्षातून एकदा, रीनाच्या वाढदिवसाला, ती स्वतःच्या हौसेचं पोस्टर बनवायची, 'मागची विहीर' या साठेक वर्षांपूर्वीच्या भुताच्या पिच्चरचं. दोघी बहिणी तो पाहत लहानाच्या मोठ्या झाल्या. पांढरीफटक विहीर, काळं पाणी, आणि बुडालेली सून कठड्याला धरून वर येते. हा पिच्चर कोणी नव्याने काढला तर सून कोण, सासू कोण, यावरून दोघींची जुंपायची. कोणी काढणार नव्हतंच. तरी मेघा त्याचं पोस्टर करायची आणि जुन्या पिच्चरच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकायची.

"विहिरीतल्या मेलेल्या बाईले रंगवत बसते दरसाल," इंदूबाई सौरवला म्हणाल्या. "सांगा तिले काही."

"करू द्या आई. तेवढीच रीनाची आठवण."

रीना गेली तेव्हा बेपत्ता असल्याचा फ्लेक्सही मेघानेच केला होता. सौरवने पोलिसांत लिहून दिलं तेच त्यावर होतं. सकाळी दहाची वेळ, अंगात पिवळा ड्रेस, हातात बॅग, रागारागात गेली. पुढे इंदूबाई बेसाला जाऊन लेकीचे कपडे घेऊन आल्या. त्यांनी दिवाळीत तिला घेतलेली मोरपंखी साडी तेवढी कपाटात नव्हती. तिची घडीही मोडली नव्हती रीनाने. बॅगेत नेली असेल, सौरव म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

"भाऊजी, प्रूफ पाहता का?" मेघाने खुर्ची बाजूला ओढली. "रीनासोबत तुम्हीबी लई वेळा पाहिला न हा पिच्चर?"

"लई वेळा? दर रविवारी लावायची ती. पाठ आहे मले."

सौरव कप घेऊन स्क्रीनपुढे आला. प्रूफच्या बाबतीत भैय्याजींची एक शिकवण होती. "प्रूफमधी एक चूक जाणून सोडायची, पोरी. गिऱ्हाइकाले ती सापडली का त्याचं समाधान होते, मंग बाकीच्याले हात लावत नाही तो." मेघाला ती सवयच जडली होती. आजच्या पोस्टरमध्ये तिने विहिरीचा रहाट मुद्दाम गाळला होता. पिच्चर एकदा पाहिलेल्या माणसालाही तो आठवला असता, कारण रहाट आपोआप करकरत फिरतो तिथेच थिएटरात बायका किंचाळायच्या म्हणे.

रहाट नाही हे सौरवच्या ध्यानातही आलं नाही. तो सुनेकडे पाहत राहिला. ओले केस, कठड्यावरचा हात, अंगाला चिकटलेली लाल साडी. चहावर साय धरली तरी कप ओठाला लागला नाही.

"साडी चुकली तुझी," तो म्हणाला.

"काहून? सून आहे ते. लाल शोभते न."

"लाल नव्हती वं. मोरपंखी होती. बारीक काठाची. ओली झाली का काळपट दिसते. अन् पदर असा खांद्यावर नव्हता, गळ्याभोवती आला होता. दोन वेढे."

"पिच्चरमधी?"

"मंग कुठं? पिच्चरमधीच."

मेघाने माउस धरला. लाल रंग काढला, मोरपंखी भरला, वरून थोडा काळा चढवला. पदर ओढून गळ्याभोवती घेतला, एक वेढा, दुसरा वेढा.

"असा, भाऊजी?"

"हं. अस्सा." त्याने मान वळवली आणि खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक चालले होते तिकडे पाहत बसला. कपाळावरचा घाम त्याने बाहीने टिपला. "झालं न पोस्टर? करून टाका आई सही."

इंदूबाईंनी डबा उचलला, कागद मांडीवर घेतले, पेनाचं टोपण काढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पोरीचं ताट उद्यापासून वाढायचं नाही, असं त्या मनाला समजावत होत्या.

"आई, पेन ठेव खाली," मेघा म्हणाली. स्क्रीनवरून तिची नजर हलली नव्हती. "भाऊजी, तो पिच्चर काळा-पांढरा आहे."